मुंगीची शेवटची ओळ

क्रांतीचा फोन दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी येई आणि चार मिनिटं चाले. पाचगणीच्या वसतिगृहाचा तसा नियमच होता. पहिल्या वर्षी बोलणं संपल्यावर, फोन ठेवण्याआधी, तीन ते चार सेकंदांची एक शांतता असे. तिकडे क्रांती फोन ठेवत नसे आणि इकडे उंब्रजला तिचा बाप ठेवत नसे. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर ही शांतता दोन सेकंदांवर आली. यंदाच्या जूनपासून ती उरलीच नाही. "ओके पप्पा, बाय," आणि खट्.

वीरधवलने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्याच्या गाण्यावर सातारा-सांगलीकडच्या निदान हजारभर वराती नाचल्या, त्याने घरात बसून सेकंद मोजावेत, हे सांगण्यासारखं नव्हतंच.

त्याचं ते गाणं म्हणजे 'तुझ्या दारात उभी माझी फोर-बाय-फोर'. नऊ वर्षांपूर्वी ते आलं आणि वीरधवलचा 'व्हीडी उंब्रजकर' झाला. तेव्हापासून लोक त्याला दोनच गोष्टी विचारत आले: नवीन गाणं कधी येणार, आणि फोर-बाय-फोर कुठं आहे. नवीन गाणी त्रेचाळीस आली, ती कुणाला नको होती. फोर-बाय-फोर कधीच नव्हती. त्याच्याकडे एक जुनी व्हॅन होती. तिचा सरकता दरवाजा फक्त आतून उघडे. त्यामुळे दर कार्यक्रमाला व्हीडी उंब्रजकर आधी ड्रायव्हरच्या दारातून उतरे, पुन्हा आत वाकून मागे जाई आणि मग दरवाजा उघडून लोकांसमोर प्रकट होई.

अडचण अशी होती की पाचगणीला पालकांनी भेटायचा दिवस म्हणजे महिन्याचा पहिला रविवार, आणि हळदी-वराती होतात त्या रविवारीच. आतापर्यंतच्या वीस रविवारांपैकी वीरधवलला सात मिळाले. बाकीचे तेरा पल्लवी आणि आबा जाऊन आले. पल्लवी त्याची बायको, कराडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. आबा म्हणजे वडील, निवृत्त सुभेदार नाथाजी. क्रांतीला पाचगणीत घालायचं आबांनीच ठरवलं होतं. तरुणपणी सुट्टीवर येताना त्यांची एसटी तिथल्या एका शाळेच्या फाटकाजवळ बंद पडली होती. फाटकाच्या आत टाय लावलेली पोरं रांगेने चालली होती. आबा ती रांग चाळीस वर्षं विसरले नाहीत.

मिळालेल्या सातही रविवारी वीरधवलने पसरणीच्या घाटात एकच वाक्य मनात घोळवलं होतं. पहिल्या वळणाला ते गुळगुळीत असे, मधल्या वळणांना त्यात कारणं येत, आणि शेवटच्या वळणानंतर तो तोंड उघडणार एवढ्यात आबा काच खाली करून म्हणत, "हवा बघ रं कशी हाय! ह्या हवंत वाढतीया आपली पोरगी." मग वीरधवल हवा बघे.

पल्लवीला काय वाटतं, हे त्याने विचारलं नव्हतं. ती दर रविवारी येताना क्रांतीचे मळके मोजे घरी आणायची. वसतिगृहात धोबी होता. तरी आणायची.

ऑक्टोबरात पालकांच्या मोबाइल ग्रुपवर शाळेची सूचना आली. बालदिनानिमित्त शाळेत बालगीतांचा कार्यक्रम ठेवायचा आहे, कलाकारांनी संपर्क साधावा, निदान तीन शाळांची प्रशस्तिपत्रं जोडावीत. पल्लवीने ती मोठ्याने वाचली आणि कॅलेंडर बघितलं. "शुक्रवार आहे."

शुक्रवारी हळद नव्हती. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"पण तुम्हाला बालगीतं कुठं येतात?"

"लिहितो की," वीरधवल म्हणाला. "चार ओळी तर लिहायच्या."

चार ओळी तर लिहायच्या, हे वाक्य जगात पहिल्यांदा ज्याने उच्चारलं, त्याचं पुढे काय झालं याची नोंद कुठे नाही. वीरधवलचं काय झालं ते असं.

त्याच्या चव्वेचाळीस गाण्यांपैकी त्रेचाळीस गाण्यांत कुणीतरी कुणाच्या तरी दारात गाडी घेऊन उभं होतं. चव्वेचाळिसाव्यात बैलगाडी होती. त्यामुळे त्याने चिमणीवर गाणं करायला घेतलं तरी कीबोर्डवर बोटं पडली की वरातीचाच ठेका वाजे आणि चिमणी त्या ठेक्यावर चालू लागे. शेजारच्या सुलाबाईंनी भिंतीपलीकडून तीन दिवस ऐकलं. त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, मुलांच्या बाबतीत त्यांचा शब्द गल्लीत अखेरचा. चौथ्या दिवशी त्या दारात आल्या.

"वीरू, ही चिमणी काय बरी दिसंना मला. कंबर लय हलवतीया."

वीरधवलने चिमणी सोडली. पाचव्या दिवशी ओट्यावर साखरेच्या डब्यापासून खिडकीपर्यंत लागलेली रांग बघता बघता त्याला कीबोर्डशिवायच चार ओळी सुचल्या:

मुंगीबाई, मुंगीबाई, डोक्यावर काय?
साखरेचा दाणा, आणखी काय?
वाट किती लांब अन् बारके पाय,
दिवेलागणीला दारात माय.

त्या शनिवारी त्याने त्या क्रांतीला फोनवर गाऊन दाखवल्या. एकदाच, कारण चार मिनिटांतली तीन अभ्यासात गेली होती. गाणं संपलं. क्रांती काही बोलली नाही. खट् झालं नाही. एक, दोन, तीन. मग मागून कुणीतरी तिचं नाव पुकारलं आणि फोन बंद झाला.

वीरधवल फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. मग तो भाजी चिरणाऱ्या पल्लवीला म्हणाला, "गाणं झालंय." इथेच तो थांबला असता तर ही गोष्टही इथेच थांबली असती. पण गाणं झालंय हे उंब्रजला कळलं.

सुलाबाईंचं म्हणणं पडलं की गाणं गोड आहे, पण त्यात शिकवण नाही. "ती मुंगी कुठनं आली, कशात हात घालून आली, काय ठाव? साखर तशीच डोक्यावर घेतली! पोरं तेच शिकत्यात." मग मुंगी 'खायच्या आधी हात धुवून जाय' झाली. मुंगीला धुवायला सहा पाय आहेत, हे पल्लवीने निदर्शनास आणलं. सुलाबाई म्हणाल्या, "मग सा धू दे."

भाऊसो पंचायतीचे सदस्य. महामार्ग ओलांडताना होणाऱ्या अपघातांवर ते पाच वर्षं बोलत होते आणि पाच वर्षं कुणी ऐकत नव्हतं. "गड्या, मुंगी रस्त्यानंच जाती न्हवं? मग पुलाखालनं घाल की तिला. तुझं गाणं वाजलं तर निदान पोरं तरी पुलाखालनं जातील. आन् ती फोर-बाय-फोर कवा घेतोयस?" मुंगी पुलाखालून गेली.

एका लहान मुंगीला चार जबाबदार माणसं भेटली की तिची काय गत होते, हे वीरधवलला दिसत होतं. पण प्रत्येकाचं म्हणणं स्वतंत्रपणे बघितलं तर बरोबर होतं, आणि नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. ज्याने नऊ वर्षं 'वन्स मोअर'ला होकार दिला, त्याच्या मानेचा कणा एकाच दिशेने झिजलेला असतो.

शेवटी आबांनी वही मागवून घेतली. चष्मा लावून, ऑर्डर वाचावी तसं त्यांनी गाणं वाचलं.

"बाकी ठीक. ही आखिरची लाइन काय हाय?"

"दिवेलागणीला दारात माय."

"माय दारात कशाला हुबी? माय दारात हुबी ऱ्हायली की पोरगं ढिलं पडतंय. सोळा वर्सं बॉर्डरवर हुतो. माजी आई दारात हुबी हाय आसं मनात आणलं आसतं, तर एक दिवस निभला नसता." त्यांनी पेनाने ओळ खोडली आणि सुवाच्य अक्षरात वर लिहिलं: 'रांगेत चाल, डावा-उजवा पाय'. यमक जुळत होतं. त्यामुळे वाद घालायला जागाच उरली नाही.

वही परत देताना आबा जरा थांबले. "पोरगी म्हणली का गं काय, फोनवर?" त्यांनी पल्लवीला विचारलं. पल्लवी म्हणाली, "काही नाही म्हणाली. ऐकत होती." आबांनी मान हलवली आणि हरभरे निवडायला गेले. ते हरभरे आदल्या दिवशीच निवडून झालेले होते.

आता प्रशस्तिपत्रं. पहिल्या शाळेचे गुरुजी म्हणाले, आमची ना नाही, फक्त तालुक्याहून परवानगी आणा. तालुक्याच्या कचेरीतल्या छापील अर्जात कार्यक्रमाचे चार प्रकार होते: लोककला, स्वच्छता, व्यसनमुक्ती आणि इतर. 'इतर'वर खूण केली तर फाइल जिल्ह्याला जाते, असं टेबलापलीकडच्या बाईंनी सांगितलं.

"आणि येते कधी?"

"अजून आलेली नाही," बाई म्हणाल्या. कुठली, हे त्यांनी सांगितलं नाही. "व्यसनमुक्ती करा. लगेच होतंय. गाण्यात तंबाखूचा एक शब्द असला की झालं."

मुंगीने वाटेत पडलेली तंबाखूची पुडी ओलांडली. गाणं आता सव्वीस ओळींचं झालं होतं आणि साखरेचा दाणा नक्की कुठे राहिला, हे शोधावं लागत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेने सत्कार ठेवला. गावात गाणारा माणूस आला आणि त्याला फेटा बांधला नाही, तर वर्षभर त्या गावाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. आधी वीरधवलला फेटा बांधला, मग त्याच्यासोबत आलेल्या आबांना, मग फेटा बांधणाऱ्याचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि सहा भाषणं मिळून एक तास चाळीस मिनिटं गेली. मुलं मांड्या बदलत बसून राहिली.

वीरधवल गायला उभा राहिला तेव्हा त्याच्या दोन्ही कानांवर फेट्याचे मिळून अकरा पदर होते. कीबोर्ड त्याला ऐकू येत नव्हता, स्वतःचा आवाजही नाही. फेटा वर सरकवणं म्हणजे गावाचा अपमान. तेव्हा त्याने अंदाजाने सूर लावला, आणि तो सूर कीबोर्डच्या सुरापासून थोड्या अंतरावर, पण शेवटपर्यंत अगदी निष्ठेने टिकवला. सहाव्या ओळीला खिचडीची घंटा झाली. ती मात्र फेट्याबाहेरच्या सगळ्यांना ऐकू आली. डोळे मिटून गाणाऱ्या वीरधवलने सव्विसाव्या ओळीनंतर डोळे उघडले, तेव्हा समोर आबा होते, सावधान उभे.

"पोरं कुठायत?"

"रेशनला गेली," आबा म्हणाले.

प्रशस्तिपत्रात लिहून मिळालं की यांच्या प्रभावी गायनाने परिसरात तंबाखूविषयी जागृती झाली.

दुसरी शाळा तासगावकडची. तिथे फेटा नव्हता, पण पालकांना बोलावलं होतं. बेदाण्याच्या शेडवरून सुटून आलेल्या बायाही मागे उभ्या राहिल्या होत्या. मुंगीने पाय धुतले, पुलाखालून गेली, पुडी ओलांडली. लोकांनी सौजन्याने टाळ्या वाजवल्या. मग मागून आवाज आला, "दादा, आता फोर-बाय-फोर हुंदे!" वीरधवलने समजावून सांगितलं की आपण आता बालगीतांकडे वळलो आहोत. हे ऐकून पहिल्या रांगेतली बालवाडीची पोरंच उठून उभी राहिली आणि 'तुझ्या दारात उभी' म्हणत नाचू लागली. एकाही शब्दाची चूक नाही. ती हळदीतच रांगायला शिकली होती. त्याने ते तीनदा म्हटलं. घरी येताना व्हॅनमध्ये पल्लवी शेजारी होती.

"लोकांना आवडतं तेच गायलं तुम्ही," पल्लवी समजूत घालायला म्हणाली.

"व्हय. कुणाच्या तरी दारात गाडी लावून उभं ऱ्हायचं. आत कुणी घेत न्हाई, हेच ते गाणं." मग त्यालाच ते जास्त झाल्यासारखं वाटलं, आणि त्याने डिझेलचा विषय काढला.

तिसरं प्रशस्तिपत्र साताऱ्याच्या एका शाळेने कार्यक्रम न घेताच दिलं. तिथल्या बाईंना घाई होती आणि पहिली दोन बघून त्यांची खात्री पटली होती.

बालदिनाच्या सकाळी तिघं निघाले. भेटीचा दिवस नसल्यामुळे पल्लवी आणि आबांना आत घेऊन जायला एकच वाट होती. कलाकाराला दोन साथीदार चालतील, असं शाळेने कळवलं होतं. पल्लवीला खंजिरी दिली. आबांना काय द्यावं यावर दोन दिवस विचार झाला, आणि शेवटी सुलाबाईंच्या अंगणवाडीतला लाल खुळखुळा त्यांच्या वाट्याला आला. सुभेदार नाथाजींनी तो उलटसुलट करून बघितला. "कवा वाजवायचा?" "मी मान हलवली की." "हुकमाबिगर वाजणार न्हाई," आबांनी शब्द दिला.

घाटात वीरधवलने यंदा वाक्य घोळवलं नाही. तो सव्वीस ओळी पाठ करत होता.

फाटकावर व्हॅन थांबली. ड्रायव्हरच्या दारातून आधी वीरधवल उतरला. सरकता दरवाजा उघडायला पुन्हा आत शिरला, तर तो आज आतूनही उघडेना. तेव्हा त्याच दारातून शाल सावरत पल्लवी आणि तिच्यामागून, मिशी आणि खुळखुळा सांभाळत, आबा बाहेर आले. पहारेकरी बघत होता. आबांना तो दर महिन्याला बघायचा.

"आबा? आज शुक्रवार की वो."

पहाऱ्यावरच्या माणसाशी आबा जन्मात खोटं बोलले नव्हते. ते ताठ झाले, खुळखुळा उंच धरला आणि म्हणाले, "ऑन ड्यूटी."

पहारेकऱ्याने खुळखुळ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि वही पुढे केली. नाव, गाव, वेळ, विद्यार्थ्याशी नातं. वीरधवलचा पेन शेवटच्या रकान्यापाशी थांबला. मग त्याने लिहिलं, 'कलाकार'. पल्लवीने त्याखाली 'वरीलप्रमाणे'ची टिंबं दिली. आबांना टिंबं मान्य नव्हती. त्यांनी लिहिलं, 'सुभेदार (निवृत्त), खुळखुळा'.

सभागृहात दोनशे मुली होत्या. सगळ्यांचे स्वेटर मरून रंगाचे, सगळ्यांच्या दोन वेण्या, सगळ्यांचे हात मांडीवर. वीरधवलने पहिली रांग बघितली, दुसरी बघितली, पाचवी बघितली. आपली मुलगी लांबून ओळखायची कशी, असा प्रश्न बापाला पडू शकतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने पल्लवीकडे बघितलं. तीही शोधत होती. आबा एकटे समोर बघत होते, पण चष्मा पुसून पुसून.

मुख्याध्यापिकाबाईंनी ओळख करून दिली आणि तो गायला. फेटा नव्हता, सूर चोख लागला. मुंगी निघाली, तिने पाय धुतले, ती पुलाखालून गेली, तंबाखूची पुडी ओलांडून रांगेत लागली. पल्लवीची खंजिरी जरा मागे पडत होती. आबांचा खुळखुळा हुकमावर वाजला. 'रांगेत चाल, डावा-उजवा पाय' म्हणून गाणं संपलं. दोनशे मुलींनी एकाच वेळी टाळ्या सुरू केल्या आणि एकाच वेळी थांबवल्या.

"कुणाला सरांना काही विचारायचं आहे?" बाईंनी विचारलं.

सातव्या रांगेत एक हात वर गेला. मुलगी उभी राहिली. तेव्हा कुठे ती त्याला दिसली. ती उंच झाली होती. पुढच्या दोन दातांपैकी एक नवा आला होता.

"सर," क्रांती म्हणाली. आलेल्या पाहुण्यांना सर म्हणायचं, असा तिथला नियम होता. "सर, शेवटची ओळ राहिली."

"झालं की बाळ गाणं," वीरधवल माइकमध्ये म्हणाला.

"नाही झालं. मुंगी घरी पोचली नाही. तिची आई दारात होती." तिचे हात स्वेटरच्या कडेला घट्ट धरलेले होते. मोठ्या सभागृहात बोलायला शिकवतात तसं ती स्पष्ट आणि सावकाश बोलत होती. पण पुढचं वाक्य तिच्या तोंडून तसं आलं नाही. "तुमी फोनवर म्हणला हुता."

वीरधवलने वही उघडली. आबांच्या सुवाच्य ओळीखाली ती खोडलेली ओळ होती. गाणं चार ओळींचं सव्वीस ओळींचं झालं, त्यात पूल आला, साबण आला, तंबाखू आली, आणि हे सगळं ज्या घरी जायचं म्हणून चाललं होतं ते घरच गाण्यातून गेलं होतं. महिनाभर तो रोज हे गात होता आणि त्याच्या लक्षात आलं नव्हतं. एवढ्या लांबून, एकदाच ऐकणाऱ्या मुलीच्या लक्षात होतं.

पल्लवी खंजिरी छातीशी धरून उभी होती. सभागृहाच्या दारापाशीच उभी होती, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून.

सभागृह गप्प झालं. क्रांती खाली बसत नव्हती आणि वीरधवल माइक सोडत नव्हता. एक सेकंद. दोन. तीन. मग एक बारीक आवाज येऊ लागला. मुलींनी माना वळवल्या. सुभेदार नाथाजींच्या हातातला खुळखुळा वाजत होता. कुणी मान हलवली नव्हती, हुकूम नव्हता. आबा दुसऱ्या हाताने तो हात धरून थांबवायला बघत होते आणि तो थांबत नव्हता.

वीरधवलने माइक तोंडापाशी आणला. वाक्य घाटातल्यासारखं गुळगुळीत राहिलं नव्हतं, पण होतं.

"आबा," तो म्हणाला, "क्रांतीला घरी न्यायची. आजच न्यायची. मी नेणार."